चौथी सीट आणि टू बीएचके

बदलापूरहून सुटणारी लोकल बदलापूरला रिकामी मिळत नाही. गाडी इथूनच सुटणार, म्हणजे पहिले चढणारे आपण, खिडकी आपली, असा साधा हिशोब करून मी पहिल्या दिवशी फलाटावर उभा राहिलो. गाडी लागली तेव्हा सगळ्या खिडक्यांपाशी माणसं बसलेली होती, आणि त्यातली निम्मी झोपलेली होती. ही मंडळी अंबरनाथची. ती सकाळी मुंबईला जायचं म्हणून आधी उलटी बदलापूरला येतात, उतरत नाहीत, आणि त्याच गाडीने परत निघतात. पुन्हा अंबरनाथ आलं की एक डोळा उघडून फलाटावरच्या आपल्या गाववाल्यांकडे करुणेने बघतात आणि तो मिटून घेतात.

मग आपणही एक स्टेशन मागे वांगणीला जाऊन बसून यावं, अशी युक्ती मी डब्यातल्या एका जुन्या जाणत्या काकांना सुचवली. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "बदलापूर गाडी वांगणीला जात नाही. वांगणीहून येते ती कर्जतची. ती वांगणीला भरलेलीच येते," एवढं सांगून त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. ते स्वतः खिडकीत बसले होते. कसे, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

उरते ती चौथी सीट. तीन माणसांच्या बाकावर तिघांनी उपकार म्हणून सरकायचं आणि चौथ्याने जे मिळेल त्यावर टेकायचं. या बैठकीत शरीराचा एक तृतीयांश भाग बाकावर असतो, बाकीचा आपापल्या जबाबदारीवर. सीएसएमटीपर्यंतचं अंतर ६८ किलोमीटर, जलद गाडीला सव्वा-दीड तास. तेवढा वेळ उजवा पाय खांबासारखा रोवून ठेवावा लागतो. माझा उजवा पाय आता डाव्यापेक्षा जाड झाला आहे, असं शिंपीच म्हणाला.

संध्याकाळी परतताना चौथी सीटही दुरापास्त. त्यात कर्जत गाडीत एखादा डोंबिवलीवाला चढला की जो कालवा होतो तो ऐकण्यासारखा असतो. "तुम्हाला कल्याण गाड्या कमी आहेत का?" या प्रश्नापासून सुरुवात होते आणि ठाणे येईपर्यंत त्याच्या संस्कारांवर चर्चा पोचलेली असते. पूर्वी मला हे लोक भांडकुदळ वाटायचे. आता मीही विचारतो.

आणि हा मनुष्य कोण? तर गिरगावातल्या मुगभाटातून फोर्टातल्या ऑफिसात रमतगमत चालत जाणारा. वाटेत पान, ओळखीच्या दोघा-तिघांशी राजकारण, तरी वेळेच्या आत खुर्चीवर. पाऊस असला तर चर्नी रोडला गाडी पकडायची. मध्ये मरीन लाइन्स, की आलं चर्चगेट. जागा रिकामी असली तरी बसायचो नाही, कारण टेकेपर्यंत उतरायची वेळ व्हायची.

असं असताना गिरगाव सोडलं कशाला? भुयारी मेट्रोमुळे. म्हणजे तिच्या खोदकामामुळे. २०१८ साली आमच्या घरात फळीवरचे स्टीलचे डबे रात्रभर आपोआप वाजायचे. दहा बाय बाराची खोली, माणसं पाच, आणि गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास, जिथे बादली घेऊन उभं राहिल्यावर पुढच्या माणसाची प्रकृती, पोटाचा इतिहास आणि मुलीचं जमलेलं लग्न हे सगळं कळायचं. खोली पागडीची. ती विकून, घरमालकाचा हिस्सा त्याच्या हातावर ठेवून जे उरलं त्यात मुंबईत फारतर कोणाच्या तरी गाडीशेजारी उभं राहता आलं असतं. बदलापुरात मात्र टू बीएचके येत होता. बाल्कनीसकट. आईने फ्लॅट बघायला आल्यावर दोन्ही संडासांचे दरवाजे उघडून बघितले, पुन्हा लावले, पुन्हा उघडले, आणि म्हणाली, "दोन्ही आपलेच?" तिथेच व्यवहार ठरला.

निघायच्या आधी मी चाळीत बरंच बोललो होतो. या धुरात कसं जगता, मुलांना झाडं कधी दाखवणार, शहर आता राहण्यालायक उरलं नाही, वगैरे. ते बोलणं आता फार महागात पडतं आहे. कारण पस्तावा झाला तरी तो कोणापुढे करायची सोय ठेवलेली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो थेट कफ परेडपर्यंत धावू लागली. गिरगाव नावाचं स्टेशन झालं. खडखडाट आम्ही ऐकला आणि गार डब्यात दुसरे बसले. मामेभावाने सरकत्या जिन्यावरून स्वतःचा खाली खाली जाणारा व्हिडिओ पाठवला. मी अंगठा पाठवला. खाली लिहिलं, "इकडे हवा मस्त पडली आहे."

हवा हे आमचं अधिकृत उत्तर आहे. गाडी अर्धा तास लेट? पण हवा चांगली आहे. दुपारपासून लाईट नाही? त्यामुळे तर हवा जास्त जाणवते. पाणी एक दिवसाआड? माथेरानचा डोंगर दिसतो ना बाल्कनीतून, मग पाणी कशाला! बदलापुरात राहायला आलेला प्रत्येक मुंबईकर हे बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. कोणी कोणाचं बिंग फोडत नाही. वास्तविक ही हवा मी खातो कधी? अंधारात घर सोडतो, अंधारात घरी येतो. दुसरी बेडरूम मी उजेडात फक्त रविवारी बघतो. तिला निळा रंग दिलाय हे मला बरंच उशिरा कळलं. रविवारी कुठे जावं म्हटलं तर मेगाब्लॉक.

त्यात शांतता. चाळीत आमच्याकडे कोणती भाजी झाली हे तिसऱ्या मजल्याला ती शिजायच्या आत कळायचं, आणि मी त्यावर चिडायचो. इथे शेजाऱ्यांचं नाव अजून माहीत नाही. ग्रुपवर ते ‘ए-४०३’ आहेत. ए-४०३ आणि मी एकदाच समोरासमोर बोललो, ते पार्किंगमध्ये साप निघाला तेव्हा. ग्रुपवर आधी तो नाग होता, मग घोणस झाला, मग दोन झाले. सर्पमित्र आला, म्हणाला धामण आहे, बिनविषारी, उंदीर खाते, राहू द्या. राहू द्या! तिला मेंटेनन्स लावावा का यावर ग्रुपवर रात्री बारापर्यंत चर्चा झाली. तेवढी एक रात्र मला चाळीत असल्यासारखं वाटलं.

आम्हाला गिरगावची आठवण फार येते, पण गिरगावला आमची दोनदाच येते. एक पूर आल्यावर. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचं पाणी रुळांवर चढलं आणि बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. दिवसभर टीव्हीवर बदलापूर. एका मावशीने फोन करून विचारलं, "तू त्या बोटीत आहेस का? निळा शर्ट तुझाच वाटला." मी घरी आहे म्हटल्यावर तिची जरा निराशा झाली.

आणि दुसरी आठवण कोंडेश्वरच्या धबधब्याची. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी ज्यांना बदलापूर फार लांब वाटलं, ते जुलै उजाडला की टॉवेल घेऊन दारात उभे राहतात. गेल्या पावसाळ्यात मामेभाऊ सहकुटुंब आला. त्या दिवशी धबधब्यावर जायला मनाई होती, त्यामुळे सगळे कोरडेच आमच्या घरी आले आणि भज्यांची फर्माईश झाली.

मामेभाऊ आल्या आल्या बाथरूममध्ये गेला. बराच वेळ आला नाही. आत शिट्टी वाजवत होता. बाहेर आला तो नुकतंच देवदर्शन झाल्यासारखा चेहरा करून. "दादा, दारावर एकदाही थाप नाही रे पडली! तू सुटलास." मग पहिलं भजं उचलत हळूच विचारलं, "इकडे काय भाव चाललाय सध्या?"

मी खुर्चीत सावरून बसलो. "भावाचं सोड, तू आधी हवा बघ..."

तेवढ्यात बायको हातात झारा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. तेल थेंब थेंब फरशीवर गळत होतं, पण तिचं लक्ष नव्हतं.

"भावोजी, दुसरीकडे कशाला शोधता? हाच घ्या. फर्निचरसकट देऊ."

"अहो वहिनी, मग तुम्ही कुठे जाणार?"

"हवापालटाला," ती म्हणाली. "मुगभाटात."