फुगा अडकला की

सोसायटीच्या पाण्याचं काम गळ्यात पडलं की दोन गोष्टी शिकाव्या लागतात. गच्चीवरच्या टाकीतला फुगा, म्हणजे पाण्याबरोबर वर चढून दांडीनं व्हॉल्व्ह बंद करणारा पोकळ गोळा, नीट तरंगतोय का हे ओळखायचं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन कितव्या रिंगला उचलायचा. दुसरीवर इलाज नाही. पहिलीसाठी गोरेगावहून थेट दक्षिण ऑस्ट्रेलिया गाठू.

तिथे ॲना क्रीक हे गुरांचं स्टेशन आहे. स्टेशन म्हणजे फलाट नव्हे, रान! पंधरा हजार चौरस किलोमीटरांहून मोठं. आख्खी मुंबई वीसदा मावेल, आणि पार्किंगवरून भांडायला माणूस मिळायचा नाही. पावसाचा पत्ता नाही. जमिनीखाली मात्र ग्रेट आर्टेशियन बेसिनचं पाणी. काही बोअरचं पाणी इतकं कढत येतं की गुरांना पाजण्याआधी निववावं लागतं. बोअर, टाकी, लांबच लांब पाइप, शेवटी हौद. त्या हौदाचा मालक कोण? आपला फुगाच.

हिशेबही ओळखीचा आहे. कडक उन्हात मोठी गाय दिवसाला 60 लिटर सहज पिते. 450 गुरांचे झाले 27,000. चाळीस फ्लॅट, दोनशे माणसं, माणशी 135 लिटर : तेही 27,000. गाय फ्लश ओढत नाही, एवढाच फरक.

टाकी वाहायला लागली तर आधी प्लंबरला नको, दांडीला हात घाला. दांडी वर उचलल्यावर धार थांबली तर वायसर ठीक आहे, दोष फुग्याचा किंवा वाकलेल्या दांडीचा. फुगा फिरवून काढा आणि कानाशी हलवा. खळखळला तर भोक पडून आत पाणी शिरलंय. असा फुगा बुडतो आणि व्हॉल्व्ह बंदच होत नाही. पाणी काढून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बसवला तर रात्र निघते. उचलूनही धार चालूच असेल तर वायसर कडक झालाय, नाहीतर त्याच्याखाली कचरा अडकलाय. दांडी उगाच वाकवू नका. खाली जास्त वाकली तर टाकी अर्धीच भरते, आणि काकूंचा फोन पहाटे साडेपाचला येतो.

स्टेशनवर बैल मान घासून दांडी मोडतात, म्हणून फुग्यावर लोखंडी पेटी ठोकतात. आपल्याकडे बैल नाहीत, पण डिश बसवणारे टाकीच्या झाकणावर उभे राहतात.

तिथे उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी गाडी घेऊन हौदांची फेरी मारतात. कारण फुगा बंद स्थितीत अडकला तर गुरं दुसरं पाणी शोधायला जात नाहीत. कोरड्या हौदाभोवतीच गर्दी करून उभी राहतात, ढकलाढकलीत हौद फोडतात.

आपण तसं करत नाही. आपण नळ पिळून बघतो, पाणी नाही म्हणून तसाच उघडा टाकतो, आणि आठ-बाराची लोकल पकडतो.