मुरघास सडका नसतो. सडतो तो हवा लागलेला चारा

दूध उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मुरघासाबद्दल, म्हणजे हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याबद्दल, एक संदेश जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मुरघास म्हणजे प्लास्टिकमध्ये कोंडून सडवलेला चारा. त्यात युरिया असतो. त्याच्या आम्लाने गाई उलटतात (गाभ धरत नाहीत), गाभडतात (गर्भ पडतो). दुधाला वास येतो, फॅट पडते. प्लास्टिकचं विष दुधात उतरतं. वाडवडिलांनी कडब्यावर गुरं सांभाळली, आपणही तेच करावं.

चार-पाच गाईंवर घर चालवणारा माणूस हे वाचून घाबरतो, मका चिकात (दाण्यात दुधासारखा चीक) असतानाही मुरघास करत नाही आणि एप्रिल-मेमध्ये मिळेल त्या भावाने उसाचं वाढं आणतो. म्हणून मुद्दे एकेक करून घेतो.

सडवलेला चारा. मक्याचे दाणे चिकात आले, म्हणजे पेरणीपासून साधारण ८० ते ९० दिवसांनी, कापणी होते. अर्धा-पाऊण इंचाची कुट्टी करून ती ट्रॅक्टरने, पायाने किंवा बेलरने (गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राने) दाबतात आणि लगेच हवाबंद करतात. आत उरलेला थोडा प्राणवायू लवकरच संपतो. मग लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू मक्यातली साखर वापरतात आणि सामू (पीएच, आंबटपणाचं माप) ४ च्या आसपास उतरतो. दही लावणारे जिवाणू याच कुळातले. या सामूला कुजवणारे जिवाणू वाढूच शकत नाहीत, म्हणून चारा महिनोन् महिने टिकतो.

चारा सडतो तो बांधणीत चूक झाली तर, आणि ती चूक आधीच ओळखता येते. मूठभर कुट्टी अर्धा मिनिट घट्ट आवळून मूठ उघडा. बोटांतून पाणी ठिबकलं तर चारा फार ओला आहे. तो तसाच बांधला तर काळपट, चिकट होईल आणि खवट लोण्याचा वास मारेल. गोळा उघडताक्षणी विस्कटला तर चारा जास्त वाळलाय, कितीही दाबला तरी हवा आत राहणार. गोळा हळूहळू सुटला आणि तळहात नुसता ओलसर झाला, की बांधायला घ्या. लसूणघासात साखर कमी आणि पाणी जास्त असतं, म्हणून तो कापून उन्हात सुकवल्याशिवाय त्याची बेल (फिल्ममध्ये गुंडाळलेला गठ्ठा) बांधू नये.

युरिया. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे. युरियाची प्रक्रिया गव्हाच्या भुसकटासारख्या निकृष्ट कोरड्या चाऱ्यावर करतात: १०० किलोला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि चारा सुमारे २१ दिवस झाकून ठेवायचा. ती पद्धत वेगळी. मक्याच्या मुरघासाला युरियाची गरज नाही, गुळाचीही नाही, कारण मक्यात साखर पुरेशी असते. आपल्याकडे टनाला इतके किलो युरिया, इतका गूळ, इतकं मीठ असे नुस्खे सर्रास सांगितले जातात, हे खरं आहे. युरिया अंदाजाने टाकला आणि एका जागी साठला तर जनावराला धोका होतो, हेही खरं. तेव्हा तो टाकूच नका. त्यासाठी मुरघास सोडायचं काहीच कारण नाही.

गाई उलटतात, गाभडतात. सगळ्यात जास्त भीती याच वाक्याने पसरली आहे आणि यात अर्धं सत्य आहे, म्हणून जरा थांबून बोलू. बुरशी लागलेल्या चाऱ्यात असे विषारी घटक तयार होतात, ज्यांनी माजाचं चक्र बिघडतं. माती मिसळलेल्या, नीट न मुरलेल्या मुरघासात लिस्टेरिया नावाचा जिवाणू वाढतो आणि त्याने गाय गाभडू शकते. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तर दुधातही उतरतं. दुधातल्या अफ्लाटॉक्सिन एम-१ ची आपल्याकडची कायदेशीर मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. मात्र हा सगळा दोष हवेचा आणि मातीचा. नीट मुरलेल्या चाऱ्यातल्या आम्लाने गाय गाभडत नाही.

हवा कुठून शिरते ते पाहा. उंदराने कुरतडलेलं भोक, कावळ्याची चोच, खुंटांवर टाकलेली बेल, फिल्मचे चारऐवजी दोनच थर. आणि मोठं कारण, उघडल्यानंतरचे दिवस. चार गाई आणि प्रत्येकीला १५ किलो धरले तर रोज ६० किलो लागतात. टनाची बॅग उघडली तर ती संपायला सोळा दिवस. उन्हाळ्यात ती तिसऱ्या-चौथ्या दिवशीच आतून गरम लागू लागते. अशा गोठ्याने १०० किलोच्या आसपासची बेल घ्यावी, दोन दिवसांत संपते. बुरशीचा भाग काढताना त्याच्या आजूबाजूचाही टाकावा. पैसे मोजलेत म्हणून बुरशी गव्हाणीत घालू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

शिवाय गाय गाभडली की खापर मुरघासावर फोडून मोकळं होण्यात मोठा धोका आहे. ब्रुसेलोसिस या जिवाणूजन्य रोगाने गाई गाभडतात आणि तो रोग माणसालाही होतो. गाभडलेल्या गाईचं रक्त तपासून घ्या, पडलेल्या वारेला (गर्भाच्या आवरणाला) उघड्या हाताने शिवू नका, ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना लस टोचून घ्या. या संदेशात त्याबद्दल एक अक्षर नाही. वारंवार उलटणाऱ्या गाईचंही तसंच. क्षार मिश्रण नाही, विल्यानंतर गाय खंगलेली, माज ओळखण्यात चूक, ही कारणं आधी तपासावीत.

दुधाला वास, फॅट कमी. वास लागू शकतो. उपाय सोपा आहे: मुरघास धार काढल्यानंतर घाला आणि धारेच्या जागी साठवू नका. फॅटचं गणित वेगळं. फॅट मुख्यतः तंतुमय चाऱ्यातून बनते. कुट्टी पिठासारखी बारीक, वर खुराक भरपूर आणि कडबा बंद, असं झालं की गाय रवंथ कमी करते, शेण पातळ पडतं आणि ३.५ ला असलेली फॅट घसरते. मुरघास पहिल्या दिवशी ४-५ किलोच द्या, आठ-दहा दिवसांत वाढवत न्या, सोबत कोरडा चारा कायम ठेवा. मक्याच्या मुरघासात प्रथिनं कमी असतात, ती पेंडीने किंवा लसूणघासाने भरून काढावी लागतात. लहान वासरांना मुरघास घालू नका, त्यांचं पोट अजून तयार नसतं.

प्लास्टिकचं विष. खरा धोका गाईच्या पोटात प्लास्टिक जाण्याचा. फिल्म, जाळी, सुतळी यांचा एकही तुकडा गव्हाणीत जाता कामा नये. उरलेलं प्लास्टिक बांधावर जाळूही नये.

वाडवडिलांचा कडबा. कडबा उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण रब्बी ज्वारीचं क्षेत्र घटत गेलं, संकरित गाय दिवसाला पंधरा-वीस लिटर देऊ लागली आणि नुसत्या कडब्यावर ती तेवढं दूध देऊ शकत नाही. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्यांत दावणीला बांधलेली गुरं आपण पाहिली. तिथे बहुतेकांपुढे उसाचं वाढं होतं. त्यातल्या ऑक्सॅलेटने गाईच्या अंगातला कॅल्शियम अडतो. पावसाळ्यात हिरवा मका पिकतोय, तेव्हाच तो मुरवून ठेवला तर मे महिन्यात गाईला कडब्यासोबत हिरव्याची जोड मिळते.