‘नको’चं बटण द्या, मग अपडेटवर विश्वास ठेवू

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेतले सर लॅपटॉप घेऊन दुकानात आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे. कापडी पिशवीतून लॅपटॉप काढला, चार्जरची वायर रबर लावून गुंडाळलेली. म्हणाले, "अगं, हे सारखं काय येतं बघ जरा. कायमचं बंद करून दे. नातवाचं तोंडच दिसत नाही."

नातू जर्मनीत असतो. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल. काकू स्वयंपाक आटोपून पदराला हात पुसत लॅपटॉपसमोर बसतात, आणि नेमका त्याच वेळी कोपऱ्यातून मेसेज वर येतो. सर तो घालवायला माउस शोधेपर्यंत पोरगं खेळायला पळून गेलेलं असतं.

बावीस वर्षं मी डीटीपी करते. लग्नपत्रिका, प्रबंध, ग्रामपंचायतीचे अहवाल, वर्षातून एखादा कवितासंग्रह. दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोर जातात, त्यामुळे हे मेसेज मला नवे नाहीत. पण त्या दिवशी मी सरांच्या शेजारी खुर्ची घेऊन नुसती बघत बसले. अर्ध्या तासात तीन मेसेज आले.

पहिला अँटिव्हायरसचा. लॅपटॉप घेतला तेव्हा त्यात फुकट चाचणीपुरता टाकून दिलेला, मुदत संपून दीड वर्ष झालेलं. ‘तुमचा संगणक असुरक्षित आहे.’ खाली दोनच बटणं: ‘आत्ता रिन्यू करा’ आणि ‘नंतर आठवण करा’. दुसरा लालभडक, त्यात उद्गारचिन्हं. व्हायरस सापडलाय, ताबडतोब अपडेट करा. हा ब्राउझरमधून येत होता. कधीतरी भजनं शोधताना कुठल्याशा साइटने ‘अलाऊ’ विचारलं, सरांनी भजन ऐकायला मिळावं म्हणून ‘हो’ म्हटलं, तेव्हापासून ती साइट त्यांच्या घरात शिरलेली. तिसरा साधा, राखाडी, दोन ओळींचा. अपडेट पूर्ण व्हायला संगणक रिस्टार्ट करावा लागेल.

मी विचारलं, "सर, या तिघांतला खरा कोणता?"

त्यांनी चष्मा सारखा केला, जरा विचार केला आणि लाल मेसेजवर बोट ठेवलं. "हा. यात धोका लिहिलाय ना."

ज्या माणसाने आम्हाला वाचायला शिकवलं, शब्दाचा अर्थ संदर्भाने लावायला शिकवलं, त्याने नेमका चोराचा मेसेज खरा मानला. मला फार वाईट वाटलं. यात सरांची काहीही चूक नाही. जाहिरात, फसवणूक आणि खरी सूचना, तिघंही एकाच कोपऱ्यातून, एकाच घाईने येतात आणि ‘नको’ हे उत्तर कुणीच घेत नाही. मग माणूस काय करणार? एक तर घाबरून सगळ्यांवर क्लिक करतो, नाहीतर वैतागून सगळंच बंद करतो. दोन्हीकडून नुकसान त्याचंच.

हे आजचं नाही. 2015 मध्ये विंडोज 7 आणि 8.1 च्या संगणकांवर अपडेटमधून एक छोटं सॉफ्टवेअर उतरलं आणि घड्याळाशेजारी विंडोज 10 ‘घ्या’ म्हणणारं चिन्ह येऊन बसलं. म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या ज्या वाटेने यायच्या, त्याच वाटेने प्रचार आला. 2016 च्या मे महिन्यात तर कहर झाला. त्या चौकटीवरची फुली दाबली तरी अपग्रेडला संमती धरली जाऊ लागली. जगभर फुलीचा अर्थ ‘बंद कर’ असा होतो, तो इथे बदलला. कॅलिफोर्नियात ट्रॅव्हल एजन्सी चालवणाऱ्या एका बाईंनी नको असलेल्या अपग्रेडने कामाचा संगणक बिघडला म्हणून विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि त्यांना 10 हजार डॉलर मिळाले. ओरड झाल्यावर चौकटीत स्पष्ट नकाराचा पर्याय आला. आपण मर्यादा ओलांडली हे कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने पुढे मान्यही केलं. पण तोवर लोकांनी धडा घेतला होता, आणि तो चुकीचा होता: अपडेट म्हणजे कटकट, मुळातूनच बंद करा.

मीही तेच केलं होतं. त्या बातम्या वाचून दुकानातल्या दोन्ही संगणकांवरची अपडेटची सर्व्हिसच बंद करून टाकली. पुढे वर्षभर शांतता होती. मग 12 मे 2017 ला वॉनाक्राय आला. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, दीडशेच्या आसपास देशांत पसरला, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या तपासण्या आणि ऑपरेशनं रद्द झाली. बळी पडलेले बहुतेक संगणक विंडोज 7 चे. आणि ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारी दुरुस्ती 14 मार्चलाच आली होती, जवळजवळ दोन महिने आधी. माझ्याकडे ती नव्हती, कारण मी दारच लावून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी बातमी वाचली आणि आधी इंटरनेटची वायर उपटली. आत सहा प्रबंध होते, त्यातल्या एका मुलीचं व्हायव्हा पुढच्याच महिन्यात. दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावरून दुरुस्ती पेन ड्राइव्हवर आणली, दोन्हीकडे टाकली, तेव्हा कुठे घास गिळला.

त्यानंतर दीड महिन्यात नॉटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला, आणि तो तर आपल्या दारापर्यंत. न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क या जहाज कंपनीकडचं टर्मिनल त्याने ठप्प केलं. याचीही बरीचशी धाव त्याच न बुजवलेल्या भोकातून होती. अपडेटवर अविश्वास असणाऱ्यांना याचा दुसरा भागही सांगायला हवा. नॉटपेट्याचा पहिला शिरकाव युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाला होता. 19 जुलै 2024 ला सुरक्षेच्याच एका सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे 85 लाख संगणक निळा स्क्रीन दाखवून बंद पडले आणि आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. म्हणजे अपडेटला घाबरणारा माणूस वेडा नाही. तरीही माझ्यासारख्या, सरांसारख्या सामान्य माणसाचा धोका अपडेट घेण्यापेक्षा न घेण्यात कितीतरी मोठा आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की आवाज बंद करायचा आणि काम चालू ठेवायचं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यूट्यूबवरचे ‘सर्व्हिस डिसेबल करा, रजिस्ट्री बदला’वाले व्हिडिओ त्या एक करून टाकतात. शिवाय ती सर्व्हिस बऱ्याचदा काही दिवसांनी आपोआप पुन्हा सुरूही होते.

सरांच्या लॅपटॉपवर मी काय केलं ते सांगते. अँटिव्हायरस काढूनच टाकला. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर त्यानंतर आपोआप जागा होतो, सरांच्या वापराला तो पुरे. ब्राउझरमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे गेले. परवानगी मिळालेल्या अकरा साइट निघाल्या. अकराच्या अकरा काढल्या आणि यापुढे कुणी विचारूच नये असं करून ठेवलं. लाल मेसेज तिथेच संपला. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांच्या लॅपटॉपवर दुसरं काही केलं नाहीत तरी एवढं आज कराच. आणि त्यांना सांगून ठेवा की विंडोजचं अपडेट कधीही एखाद्या वेबसाइटवर लाल अक्षरांत येत नाही. ते सेटिंग्जमध्ये असतं.

राहिला खरा मेसेज. विंडोज अपडेटच्या पानावर किंवा त्यातल्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ असतात, आपण कामात असण्याची वेळ. ती दिवसाचे 18 तासांपर्यंत ठेवता येते, तेवढ्या वेळात तो स्वतःहून रिस्टार्ट होत नाही. रिस्टार्टची सूचना दाखवायची की नाही याचंही बटण तिथेच आहे. ‘पॉज’ केलं की पाच आठवड्यांपर्यंत अपडेट थांबवता येतं. आमच्या धंद्यात लग्नसराईत कुणी अपडेटला हात लावत नाही, सकाळी उठून एखादा जुना मराठी फॉन्ट रुसला तर गिऱ्हाइकाला काय तोंड दाखवायचं? तेव्हा हे पॉज फार कामाला येतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवत असाल तर ते कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेवा, बहुतेक अपडेट मग तुमचा डेटा खात नाहीत. फक्त अधूनमधून कुणाच्या तरी वायफायवर बसून ती उतरवायची.

या सोयी आहेत, मान्य. पण त्या तीन दारं ओलांडून आत आहेत, आणि जाहिरात मात्र उंबऱ्यावर उभी असते. हे उलट हवं. विकायचं आहे ते वेगळ्या तोंडाने विका, त्यावर ‘नको, पुन्हा विचारू नका’ असं ठळक बटण द्या. सुरक्षेच्या सूचनेत विक्रीचा एक शब्दही नको. आणि ती आमच्या मराठीत, साध्या वाक्यात द्या: काय बदलणार, किती वेळ लागणार, उद्या केलं तर चालेल का. सरांना एवढं सांगितलं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी ‘हो’ म्हटलं असतं.

विंडोज 10 वाल्यांसाठी एक. त्याच्या नेहमीच्या दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 ला थांबल्या. घरगुती वापरासाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची वाढीव मुदत आहे, पण ती आपोआप मिळत नाही, अपडेटच्या पानावर नाव नोंदवावं लागतं. सरांचा लॅपटॉप विंडोज 11 च्या अटीत बसत नाही, म्हणून त्यांचं नाव तिथेच नोंदवलं. विंडोजच्या दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते. म्हणून त्यानंतरचा बुधवार सरांना ठरवून दिला. त्या दिवशी सकाळी आंघोळीला जाताना अपडेट लावायचं आणि लॅपटॉपला हात लावायचा नाही. घरी जाऊन त्यांनी कॅलेंडरवर त्या बुधवारांना निळ्या शाईने गोल केले. काकूंनी फोटो पाठवला.

आपल्या गावातल्या कुणाच्या आईवडिलांना असा त्रास होत असेल तर संध्याकाळी सातनंतर दुकानात पाठवा, गिऱ्हाईक कमी असतं. चार्जर सोबत आणायला सांगा.