मीटर की बसलेला हात? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गाडीच्या पॉलिशवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडी झोंबली, पण त्यातला एक मुद्दा बरोबर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं असं: गाडीच्या रंगाची जाडी मोजणारा मीटर म्हणजे गिऱ्हाइकावर छाप पाडायचं खेळणं, पंधरा वर्षं पॉलिश करणाऱ्या तुमच्या माणसाला तो कधी लागला नाही, काम चकाकीवरून कळतं आणि मी लोकांना उगाच घाबरवतोय.

आधी मीटर. साधा मीटर पत्र्यापासून वरपर्यंतची एकूण जाडी सांगतो. त्यात प्रायमर (रंगाखालचा थर) किती, रंग किती, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) किती, हे त्याला कळत नाही. प्लास्टिकच्या बंपरवर तर तो चालतच नाही. हे लेखात यायला हवं होतं, माझ्याकडून राहिलं. पण तेवढ्याने तो खेळणं ठरत नाही. सगळ्या गाडीवर 120 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि एकाच दारावर 300 दिसले, तर ते दार बहुधा पुन्हा रंगवलेलं असतं. बॉनेटवर मध्येच 80 दिसले, तर आधी कुणीतरी बरंच घासून गेलंय, असा संशय घ्यावा. क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉनचा. उन्हापासून रंगाला तोच वाचवतो, पॉलिश करताना तोच थोडा घासला जातो, आणि घासून गेलेला परत येत नाही. हात कितीही बसलेला असो, बोटाला मायक्रॉन कळत नाहीत.

चकाकीबद्दल मात्र माझं तुमच्याशी अजिबात जमणार नाही. माझीच गाडी एका ठिकाणाहून आरशासारखी होऊन आली होती. चार-पाच वेळा धुतली आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे जागच्या जागी हजर! ते काढलेच नव्हते, ग्लेझने, म्हणजे ओरखडे तात्पुरते भरून चकाकी आणणाऱ्या लेपाने, बुजवले होते. (ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात मलाही काही दिसलं नव्हतं, हा माझा मूर्खपणा.) पॉलिश झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने पुसून हा लेप काढला आणि एकच प्रखर दिवा तिरका धरला, की खरं काय ते दिसतं. त्याआधीच सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा टिकाऊ संरक्षक थर) चढवलं, तर ओरखडे त्याच्याखाली जपून ठेवल्यासारखेच.

आणि अनुभव? आता मी ज्याच्याकडे जातो, त्याने पहिल्याच दिवशी एका ओरखड्यावर नख फिरवलं. नख अडकलं. म्हणाला, "हा जाणार नाही. कडा मऊ करतो, कमी दिसेल." मग सर्वांत मऊ पॅड लावून वीतभर जागेवर करून दाखवलं आणि तेवढ्याने भागलं, म्हणून जास्त जोराचं कंपाउंड (घासायची खरखरीत पेस्ट) काढलंच नाही. त्या दिवशी मला तो आळशी वाटला होता.

तुमचा माणूस चांगला असेलही. पुढच्या वेळी त्याला बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावून अर्ध्याच भागावर काम करायला सांगा, आणि तुमच्यासमोर अल्कोहोलने पुसायला सांगा. तो चिडला नाही, तर त्याचा नंबर मलाही पाठवा.