समुद्राचं झाड, अमळनेरचा मे

मेहुणा चेन्नईहून आला तेव्हा मला वाटलं, केळ्याचे वेफर्स आणले असतील. त्याने पिशवीतून उथळ कुंडी काढली. तीत मनगटाएवढ्या पिळदार खोडाचं वीतभर झाड.

"दाजी, पेम्फिस. खास तुमच्यासाठी. समुद्रकाठी, प्रवाळाच्या खडकावर उगवतं, लाटा खातं. मालदीवमध्ये याच्या लाकडाचे खिळे करून होड्या ठोकायचे!"

लाकडाचे खिळे! मी तिथेच भाळलो. पानं बारीक, गुबगुबीत, त्यांवर चंदेरी लव. फूल पांढरं, सहा पाकळ्यांचं. मेंदीच्या कुळातलं म्हणे. मेंदीची आठवण येईल असा गोडवा मात्र स्वभावात नव्हता.

आईने चष्मा वर करून विचारलं, "समिंदरनं झाड अमळनेरमा कसाले आनं रे?"

उत्तर मे महिन्याने दिलं. पारा ४५ ला टेकला. खाऱ्या वाऱ्याला न घाबरणारा हा पठ्ठ्या कुंडीतली माती दोन तास कोरडी पडली की मान टाकायचा. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी पाणी. नळाला पाणी कधी येईल याचा पत्ता नाही, म्हणून माठातलं गार पाणी त्याला आणि टाकीतलं कोमट मला. समुद्राचं म्हणून एकदा चमचाभर मीठही घातलं. फोनवर मेहुणा ओरडला, "दाजी, खारं सोसतं म्हणजे मागतं असं नाही!" चोपड्याच्या लग्नाला बायको एकटीच गेली. तिथे सगळ्यांना सांगून आली, "हे झाडाजवळ बसलेत." लोकांना वाटलं, मी सिगारेट सोडतोय.

जूनमध्ये एक फांदी वाळली. बोटाएवढी फांदी, पण डाळिंबाच्या कात्रीच्या पात्याला खाच पडली. सुताराला बोलावलं. अंजनाचे खांब कापलेला माणूस. फांदीकडे बघून हसला. चार वेळा करवत फिरवली, दातांवरून अंगठा फिरवला आणि हसणं बंद.

"भाऊ, मी अंजन कापस. हाई ते लोखंड शे."

मजुरी घेतली नाही. करवतीला धार लावायचे मात्र घेतले.

पाऊस उशिरा आला आणि झाड त्याआधीच गेलं. पण गेलं हे कळायला आठ दिवस लागले, कारण मेल्यावरही ते तितकंच ताठ उभं होतं. मी रोज पाणी घालत होतो. शेवटी आईनेच कुंडीत बोट खुपसलं. "मरी गयं ते. आते तरी पाणी बचाड."

डिसेंबरात मेहुणा भरीत खायला आला. काड्यांवर भाजलेली वांगी, हिरवी मिरची, लसूण. आई बडगीत ठकठक ठेचत होती. एरवी आमची मुसळी दर दोन वर्षांनी फुटायची. या वेळची जरा वाकडी होती, पण आवाज खणखणीत.

"दाजी, झाड कसं आहे?"

"मजबूत," मी म्हणालो.

आईने त्याच्या ताटात आणखी एक डाव भरीत वाढलं.