पोस्टने आलं म्हणून सर्व्हरवर तपासायचं नाही?

पीएचपी (वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणारी प्रोग्रॅमिंग भाषा) शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं सार असं: फॉर्म पोस्ट या पद्धतीने पाठवला की डेटा सुरक्षित, ड्रॉपडाउन, हिडन फील्ड (पानावर न दिसणारा रकाना) आणि ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्टची तपासणी असेल तर सर्व्हरवर तेच पुन्हा करणं म्हणजे वेळ घालवणं, आणि येईल त्या व्हॅल्यूला एचटीएमएल-स्पेशलचार्स (कोट, कोनी कंस अशी चिन्हं बदलणारं पीएचपीचं फंक्शन) लावलं की एसक्यूएल इंजेक्शनची, म्हणजे व्हॅल्यूतून डेटाबेसच्या आज्ञेत घुसखोरीची, भीती संपली. संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत क्लासेसची, आडत दुकानांची छोटी सॉफ्टवेअर करणारी नवी मुलं हे वाचून तसंच करतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पोस्टचं आधी उरकू. गेट या दुसऱ्या पद्धतीचे पॅरामीटर, म्हणजे फॉर्ममधल्या व्हॅल्यू, यूआरएलमध्ये जातात, म्हणून ब्राउझरच्या हिस्टरीत आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये सापडतात. पोस्टचे विनंतीच्या आतल्या भागात, बॉडीत जातात. लपण्यापुरता फरक तेवढाच. वाटेत कुणी वाचू नये ही काळजी एचटीटीपीएस (कूटबद्ध जोडणी) घेतं. ते नसेल तर पोस्टही उघडाच.

खरं नुकसान दुसऱ्या मुद्द्याने होतं. समजा, लातूरच्या एखाद्या क्लासचा प्रवेशाचा फॉर्म आहे. बॅच ड्रॉपडाउनमध्ये, फी हिडन फील्डमध्ये: ६००००. नीटची तयारी करणारं एखादं लेकरू एफ-१२ दाबून ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडतं, ६०००० चे ६ करतं आणि सबमिट मारतं. जावास्क्रिप्टची तपासणीही तिथूनच बंद करता येते. कर्ल (कमांड लिहून सर्व्हरला विनंती पाठवायचं साधन) येत असेल तर फॉर्म उघडायचीही गरज नाही. सर्व्हरपर्यंत फॉर्म पोचतच नाही हो; पोचतो तो 'बॅच=७&फी=६' असा साधा मजकूर, आणि तो कुणी, कशाने लिहिला हे त्या मजकुरावरून कळत नाही. म्हणून फी पॅरामीटरमधून घ्यायचीच नाही. बॅचचा क्रमांक घ्या, ती बॅच डेटाबेसमध्ये आहे का, प्रवेश चालू आहे का ते बघा आणि फी तिथूनच उचला. विद्यार्थी क्रमांकाचंही तसंच. २१४ च्या जागी २१५ टाकून दुसऱ्याची गुणपत्रिका उघडत असेल तर लॉगिन असून उपयोग काय? ती कुणाची हे सेशनशी, म्हणजे लॉगिन कुणी केलंय याच्या सर्व्हरवरच्या नोंदीशी, ताडूनच ठरवायचं.

ब्राउझरमधली तपासणी काढून टाका, असं मी म्हणत नाही. चूक जागेवर कळते, सर्व्हरपर्यंतची फेरी वाचते. पण ती सोय आहे, पहारा नाही.

आता एचटीएमएल-स्पेशलचार्स. ते पानावर मजकूर छापताना लावायचं. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, आयडीच्या जागी '५ ऑर १=१' (५ किंवा १=१, जे नेहमीच खरं) आलं, तर त्यात कोट नाही की कोनी कंस नाही; हे फंक्शन त्याला हातही लावत नाही आणि सगळ्या नोंदी बाहेर येतात. तिथे व्हॅल्यू क्वेरीपासून वेगळी ठेवणारं प्रिपेअर्ड स्टेटमेंटच हवं. उलट, साठवण्याआधीच हे लावलं तर 'जाधव & सन्स' डेटाबेसमध्ये 'जाधव & सन्स' अशा बिघडलेल्या रूपात बसतं आणि दर एडिटला आणखी बिघडतं. येताक्षणी सगळ्यावर एकच औषध मारायचा प्रयोग पीएचपीने स्वतः केला होता, मॅजिक कोट्स नावाने. २०१२ च्या ५.४ आवृत्तीत तो काढून टाकला.

मेसेजमध्ये नसलेली, पण आपल्याला रोज नडणारी गोष्ट म्हणजे मराठी कीबोर्ड. आडत दुकानाच्या फॉर्ममध्ये मुनीम सोयाबीनचं वजन देवनागरी अंकांत '२५' लिहितो. पीएचपीत त्याला इंटिजर कास्ट केलं, म्हणजे पूर्णांकात बदललं, की शून्य मिळतं, तेही एरर न देता. तीच व्हॅल्यू पायथन या दुसऱ्या भाषेच्या इंट फंक्शनला दिली तर पंचवीस मिळते. लांबीतही तीच गंमत: 'लातूर' ला पीएचपीचं लांबी मोजणारं एसटीआरलेन १५ सांगतं, कारण ते बाइट (साठवणीचं एकक) मोजतं, तर चिन्हं मोजणारं एमबी-एसटीआरलेन ५ सांगतं. मी देवनागरी अंक आधी इंग्रजी अंकांत बदलून घेतो, मग तपासतो. आणि वजनाचा रकाना रिकामा आला तरी कास्ट शून्यच देतो, तेव्हा रिकामा आहे का हे कास्टच्या आधी बघावं लागतं.