मिसिसिपीच्या अलीकडचा सर्वोत्तम

गेल्या डिसेंबरात भाचा आला होता. फिजिक्सवाला. विमानतळावरून घरी पोचेपर्यंतच त्याने विचारून घेतलं, "मामा, ती अणुभट्टीची जागा कधी दाखवतोस?" शिकागोला येणारे पाहुणे त्या चकचकीत 'बीन' शिल्पासमोर फोटो काढायला मागतात, ह्याला भट्टी हवी. म्हटलं, चल.

युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोच्या आवारात एलिस अव्हेन्यूवर हेन्री मूरचं ब्राँझचं शिल्प आहे. एका बाजूने कवटी वाटते, दुसऱ्या बाजूने अणुस्फोटाचा ढग. २ डिसेंबर १९४२ ला एनरिको फर्मी आणि मंडळींनी माणसाने घडवलेली, आपली आपण चालू राहणारी पहिली आण्विक साखळी अभिक्रिया इथे चालू केली. इथे म्हणजे स्टॅग फील्ड नावाच्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमच्या पश्चिमेकडच्या गॅलरीखाली. भाच्याला शंका आली ती रास्तच: "वर माणसं मॅच बघतायत आणि खाली अणुभट्टी?"

वर कोणी नव्हतंच बाबा. विद्यापीठाने फुटबॉल बंद करून टाकला होता. १९३९ मध्ये मिशिगनकडून ८५-० असा मार खाल्ला, आणि अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांना तसाही हा खेळ विद्यापीठात नकोच होता. वर्ष संपायच्या आत गाशा गुंडाळला. स्टेडियम ओस पडलं म्हणून भट्टीला जागा मिळाली. १९६९ मध्ये फुटबॉल परत आला, पण खालच्या पायरीवरचा, शिष्यवृत्त्या आणि टीव्हीच्या पैशाविना.

थंडीने कान दुखायला लागले तेव्हा शेकायला म्हणून जवळच्या रॅटनर सेंटरमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या जिममध्ये, शिरलो. आणि तिथे ती उभी. हाइजमन ट्रॉफी. ब्राँझचा खेळाडू, डाव्या काखेत चेंडू, अंगावर येणाऱ्याला झिडकारायला उजवा हात ताठ पुढे. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा वैयक्तिक मान. (हा हातात घेऊन पळायचा फुटबॉल. मीही पहिली पाचसहा वर्षं तो बघता बघता सोफ्यावर झोपायचो, त्यामुळे ज्यांना गम्य नाही त्यांनी संकोच करू नये.) ज्या विद्यापीठाने चार वर्षांत खेळच मोडीत काढला, त्याच्या पोराने ती पहिल्यांदा जिंकली होती. जे बरवँगर, १९३५.

माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळणारी गोष्ट इथूनच सुरू होते. बरवँगर देशातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडलाच गेला नव्हता. त्या वर्षी ट्रॉफीचं नाव हाइजमनही नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, डाउनटाउन अ‍ॅथलेटिक क्लब नावाचा बड्या लोकांचा क्लब होता. त्याने १९३५ मध्ये जाहीर केलं की मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला आम्ही ट्रॉफी देणार. नदीच्या पूर्वेकडच्या, बस्स. पलीकडे टेक्सास होतं, कॅलिफोर्निया होतं, तिथेही पोरं जीव तोडून खेळत होती, पण क्लबने त्यांच्याबद्दल काही म्हटलंच नव्हतं.

क्लबचा क्रीडा संचालक होता जॉन हाइजमन. जुना, गाजलेला प्रशिक्षक. १९०६ मध्ये फुटबॉलमध्ये चेंडू पुढे फेकायची मुभा मिळाली, त्यासाठी खटपट करणाऱ्यांत हा होता. आणि १९१६ मध्ये ह्याच्याच जॉर्जिया टेकने कंबरलँड कॉलेजला २२२-० असं हरवलं होतं. आकडा नीट वाचा, छपाईची चूक नाही. असा हा माणूस, पण ट्रॉफीच्या कल्पनेला आधी तो राजी नव्हता म्हणतात. खेळ अकरा जणांचा, एकट्याला कसली माळ घालता? पुढे त्याचं मन वळवण्यात आलं.

पुतळा केला फ्रँक एलिस्कू नावाच्या विशीतल्या शिल्पकाराने. त्याने शाळेतल्या जुन्या दोस्ताला, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या एड स्मिथला, पोझ द्यायला उभं केलं. स्मिथ आपला मित्राचं काम म्हणून उभा राहिला आणि विसरून गेला. तो प्रसिद्ध हात आपला आहे हे त्याला कळलं १९८२ मध्ये! सत्तेचाळीस वर्षं दर डिसेंबरला देशभरच्या वर्तमानपत्रांत त्याचा पुतळा छापून येत होता आणि गड्याला पत्ता नाही. मला ह्या सगळ्या इतिहासातला हाच माणूस सगळ्यात आवडतो.

त्या पहिल्या वर्षीची मतं बघा. बरवँगर ८४, आर्मीचा (म्हणजे लष्करी अकादमीचा) मंक मेयर २९, आणि २३ मतांवर तिसरा नोत्र दामचा विल्यम शेक्सपिअर. हो, नाव तेच. शेक्सपिअर तिसरा आला हे वाक्य लिहायची संधी पुन्हा कधी मिळणार नाही म्हणून लिहून घेतो.

न्यूयॉर्कहून बरवँगरला तार आली. या, ट्रॉफी घेऊन जा. त्याला अप्रूप ट्रॉफीचं नव्हतं, विमानात बसायला मिळणार याचं होतं, असं तो नंतर सांगायचा. घरी आणल्यावर ती मावशीकडे गेली आणि मावशीने ती दार लागू नये म्हणून दाराशी ठेवून दिली. पुढच्या वर्षी एनएफएल या व्यावसायिक लीगने पहिल्यांदाच खेळाडूंची निवड-यादी काढली, त्यातही पहिलं नाव ह्याचंच. पण पैशाचं जमलं नाही आणि हा व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. धंद्यात पडला, सुखाने जगला, २००२ मध्ये ८८व्या वर्षी गेला. त्याची आणखी एक खूण जेराल्ड फोर्ड यांच्या डाव्या डोळ्याखाली होती. १९३४ मध्ये मिशिगनकडून खेळताना त्यांनी बरवँगरला अडवायचा प्रयत्न केला आणि गाल फोडून घेतला. राष्ट्राध्यक्ष झाले तरी व्रण होताच.

ऑक्टोबर १९३६ मध्ये हाइजमन वारला. क्लबने ट्रॉफीला त्याचं नाव दिलं आणि त्याच वर्षी नदीची अटही काढली. आता सगळा देश. सगळीकडे हा इतिहास 'ट्रॉफी मोठी झाली' अशा सुरात सांगतात. माझं म्हणणं उलट आहे. त्या वर्षी ती थोडी खोटी झाली.

कारण सगळा देश खुला झाल्यावर पहिला मान कोणाला? येलच्या लॅरी केलीला. दुसऱ्या वर्षी? येलच्याच क्लिंट फ्रँकला. येल न्यू हेवनला, म्हणजे न्यूयॉर्कहून गाडीत बसलं की पेपर वाचून होईपर्यंत आलं. १९३६ मध्ये टेक्सासचा सॅमी बॉ चौथा. पुढे व्यावसायिक खेळात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, ही चीज काय असते हे ज्याने लोकांना दाखवलं तो हा बॉ. १९३७ मध्ये कोलोरॅडोचा बायरन व्हाइट दुसरा, पहिल्याच्या निम्म्या मतांवर. (ते पुढे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले, तेव्हा त्यांचं काही अडलं नाही म्हणा.) केली आणि फ्रँक वाईट खेळाडू होते असं मी म्हणत नाहीय. नियमातून नदी पुसली तरी मत देणाऱ्यांच्या नजरेतून ती पुसली गेली नव्हती, एवढंच म्हणतोय. टीव्ही नाही, विमानं महाग. पूर्वेकडच्या वार्ताहराने डेन्व्हरचा सामना बघायचा कसा? जो दिसतो तो चांगला.

१९३८ मध्ये टेक्सासच्या डेव्ही ओब्रायनने नदी ओलांडली, पुढच्या वर्षी आयोवाच्या नाइल किनिकने. पण पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कॉलेजला पहिला हाइजमन मिळायला १९६२ उजाडलं. ओरेगन स्टेटचा टेरी बेकर. म्हणजे देश खुला केल्यापासून सव्वीस वर्षं. मधल्या काळात, १९५१ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑली मॅटसनने चेंडू घेऊन धावण्यात देशात पहिला नंबर काढला, त्याचा संघ एकही सामना हरला नाही, आणि ट्रॉफी गेली प्रिन्स्टनच्या डिक काझमायरला. प्रिन्स्टनही न्यूयॉर्कपासून हाकेच्या अंतरावर. मॅटसन कृष्णवर्णीय होता, त्यामुळे तिथे प्रश्न फक्त अंतराचा नव्हता. पहिला कृष्णवर्णीय विजेता व्हायला १९६१ चा एर्नी डेव्हिस यावा लागला.

पश्चिमेकडच्यांनी मग आपली चूल मांडली. त्याच १९५१ पासून १९७८ पर्यंत पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सर्वोत्तम खेळाडूला व्हॉइट ट्रॉफी दिली जायची. बोस्टनच्या ग्रिडायरन क्लबचा बल्जर लो पुरस्कार तर १९३९ पासून फक्त न्यू इंग्लंडसाठी, म्हणजे ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांसाठी आहे. मिसिसिपी राज्याचा कॉनर्ली पुरस्कार १९९६ पासून. ह्यांची नावं इकडच्या पट्टीच्या चाहत्यांनाही पटकन आठवत नाहीत, आणि मला तेच खटकतं. ज्याची हद्द ठरलेली आहे ते बक्षीस दुय्यम, असं आपण परस्पर धरून चालतो. माझ्या आजोबांना महाराष्ट्र केसरीची नावं ओळीने पाठ होती. 'फक्त महाराष्ट्रातलाच ना?' म्हणून त्या चांदीच्या गदेकडे बघून कोणी नाक मुरडल्याचं मला आठवत नाही. न्यू इंग्लंडचं बक्षीस देणाऱ्याने न्यू इंग्लंडची सगळी मैदानं पायाखाली घातलेली असतात. सबंध देशाचं देणाऱ्याने काय घातलेलं असतं?

ह्यावर हाइजमनवाले सांगतात, आता तसं नाही, आता आम्ही मतं सगळ्या देशात वाटली आहेत. खरंय. देशाचे सहा विभाग आणि प्रत्येक विभागात १४५ पत्रकार मतदार. वर हयात माजी विजेते, आणि चाहत्यांचं सगळं मिळून एक मत. पण ह्याचा अर्थ काय होतो बघा. 'राष्ट्रीय' न्याय करायचा तर शेवटी देशाचे विभागच पाडावे लागले. १९३५ मध्ये एक रेघ होती, आता सहा चौकटी आहेत. त्या चौकटींबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट ह्या ट्रॉफीच्या कारभारातली ती मला सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

तरी घड्याळ राहतंच. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन मॅकॅफ्रीने एका मोसमात ३,८६४ यार्ड जमवून बॅरी सँडर्सचा जुना विक्रम मोडला. ट्रॉफी अलाबामाच्या डेरिक हेन्रीला गेली. मॅकॅफ्रीचे बरेच सामने कॅलिफोर्नियात रात्री, म्हणजे न्यूयॉर्कची मंडळी अंथरुणात शिरल्यावर. तेव्हा मी ऑफिसात तावातावाने भांडलो होतो की हा पक्षपात आहे. समोरच्याने विचारलं, तू किती सामने पूर्ण पाहिलेस? खरं सांगायचं तर दोन. बाकीचे मध्यंतरापर्यंत. त्या नऊशेच्या आसपास मतदारांना मी काय तोंडाने बोलणार?

ज्या क्लबने हे सगळं सुरू केलं तोही आता नाही. वर्ल्ड ट्रेड सेंटर जवळच होतं. २००१ च्या हल्ल्यानंतर इमारत बंद झाली, क्लब कर्जात बुडाला, ट्रॉफी एका न्यासाकडे गेली.

हे सगळं मी भाच्याला त्या काचेसमोर उभं राहून ऐकवलं. तो बिचारा भट्टी बघायला आलेला. परतीच्या बसमध्ये बराच वेळ फोनमध्ये डोकं घालून बसला होता. मला वाटलं कंटाळला.

"मामा, हा बरवँगर कुठल्या गावचा म्हणालास?"

"नाही म्हणालो. डब्यूक. आयोवा."

त्याने फोन माझ्यापुढे धरला. नकाशावर मिसिसिपीचा निळा पट्टा आणि त्याला चिकटून डब्यूक. पश्चिम काठावर.

"हा तर पलीकडचा निघाला."

"खेळला अलीकडे," मी म्हटलं.

"म्हणजे पूल ओलांडून शिकायला आला म्हणून," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला.